सावल्यांची कोठी

तापी आणि अनेरच्या बेचक्यात सावखेड्याचं राज्य.
इथे सोनं कुणी मोजत नाही.
वैशाखात गाढवं भिंतींना चिकटून उभी राहतात,
तेव्हा ज्याच्याकडे सावली, तो राजा.

म्हणून झळवंशाची रीत अशी:
गादीवर बसायच्या आदल्या संध्याकाळी
वारसानं नदीच्या वाळूत उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं.
सूर्य तापीच्या वाहत्या टोकाला टेकला
की मी, धुडकू कोठीवाला,
विळ्यानं त्याची सावली टाचेपासून कापायची.
रक्त येत नाही.
फक्त राजा त्यानंतर जन्मभर जरा हलका चालतो,
आणि कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत.

माझ्या कोठीत अशा एकोणीस.
उखाजीराजांची सगळ्यात मोठी, तिच्याखाली गुरांचा बाजार मावतो.
झिपरूराजे बसके, त्यांची विहिरीवर घालतो, पाणी गार राहतं.
दगाजींच्या सावलीला तंबाखूचा वास येतो,
तिच्यात निजलेल्याला लढाया दिसतात,
म्हणून ती फक्त कापसाच्या गंजीवर.
आखाजीला सगळ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या,
माहेरवाशिणींच्या झोक्यांवर ताणून बांधायच्या.
मृग लागला की घडी करून मध्ये कडुनिंबाचा पाला.
तरी उंदीर लागतातच.
फाटलेली सावली मी काजळात बुडवलेल्या दोऱ्यानं सांधतो.
हे घराण्याचं गुपित होतं. सांगून बसलो.

कौतिकबाई लहानपणी कोठीत यायची.
बापाची सावली उलगडायला लावायची,
तिच्यात मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा खायची.
एकदा म्हणाली,
आबा तर इथे आहेत. मग वर महालात बसतात ते कोण?
मी विळ्याला धार लावत राहिलो.

सोनजीराजे गेले. मागे ती एकटी.
तिनं मुहूर्त मागितला भर दुपारचा.
कारभारी गालात हसले:
दुपारची सावली चिंचोक्याएवढी, पोर चिक्कू निघाली.
जोश्यांनी पंचांग चाळलं, रीतीत वेळेला अडकाठी सापडली नाही.
कुणाला आठवलंच नाही
की वैशाख सरता सरता एक दिवस
सूर्य या गावाच्या बरोब्बर माथ्यावरून जातो
आणि देवळाचा खांबसुद्धा नागडा उभा असतो.

मी विळा घेऊन वाकलो.
वाळूत तिचे दोन पाय, दहा बोटं.
बाकी काही नाही.
काप की, म्हणाली.
विळा खर्रकन वाळूत गेला.
अक्षता पडल्या. खापरावरचे मांडे वाटले गेले.
लोक बोटं चाटत होते, तेवढ्यात
तिच्या टाचेशी एक काळं नख उगवलं.
मग बोट.
मग हातभर.

दरबार उठला. फसवणूक! रीत बुडाली!
ती फार बोलली नाही, आणि बोलली ती घरच्या बोलीत:
मनी सावली मनापाशी ऱ्हाई.
जठे ऊन व्हई, तठे मी उभी ऱ्हासू.

तेव्हापासून सावखेड्याची राणी उभी असते.
काल केळीच्या बागेतून येणारं एक पावऱ्याचं पोर
डोक्यावरची पाटी उतरवून तिच्या सावलीत बसलं,
तिथेच पेंगलं,
आणि सूर्य सरकेल तशी ती बोटबोट सरकत राहिली,
की त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये.
तिचं नाक सोललंय. घोटे सुजतात.
कुत्री तिच्यावर भुंकतात, तेव्हा मात्र ती खुदकन हसते.

मला राग आहे का? आहे थोडा.
पिढीजात विळा आता भरताला कांद्याची पात चिरतो.
एकटी बाई किती उन्हांत उभी राहणार,
हाही हिशोब मी रात्री करतो, आणि तो बसत नाही.
एकोणीस सावल्या तशाही लागणारच.

काल सोनजीराजांची घडी उलगडली.
आतून मूठभर टरफलं पडली.
विसावं फडताळ रिकामंच आहे,
त्यात ठेवून दिली.